मोरया गोसावी समाधी मंदिर परिसर, चिंचवड

मोरया गोसावी समाधी मंदिर हे पुणे जिल्ह्यातील चिंचवड येथे पवना नदीच्या काठी असलेले गणेशोपासनेचे ऐतिहासिक स्थान आहे. गाणपत्य संप्रदायातील सत्पुरुष मोरया गोसावी यांनी येथे संजीवन समाधी घेतली, अशी परंपरा आहे. त्यांच्या काळाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. मंदिराची व्यवस्था चिंचवड देवस्थान न्यासाकडे असून मोरगाव, थेऊर व सिद्धटेक ही अष्टविनायक क्षेत्रेही याच न्यासाच्या अखत्यारीत येतात.

इतिहास
मंदिरातील शिलालेखानुसार बांधकामास शके १५८०, विलंबी संवत्सरी, कार्तिक शुद्ध द्वादशीस (इ.स. १६५८) प्रारंभ झाला आणि शके १५८१, विकारी संवत्सरी, आषाढ शुद्ध चतुर्थीस (इ.स. १६५९) ते पूर्णत्वास गेले. मोरया गोसावींच्या वंशजांना ‘देव’ ही उपाधी मिळाली. मराठा राज्यकर्त्यांनी, विशेषतः पेशव्यांनी, या संस्थानास आश्रय दिला.

परिसर
समाधी मंदिर, त्यालगतचा घाट आणि गावातील मंगलमूर्ती वाडा ही स्थाने उत्सवपरंपरेने परस्परांशी जोडलेली आहेत. भाद्रपद व माघ महिन्यांत मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते. मार्गशीर्ष वद्य षष्ठीस समाधी उत्सव होतो.

जतन
पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाल्यानंतर हा भाग औद्योगिक पट्टा म्हणून वाढू लागला. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. नदीकाठचे जुने गाव अशा रीतीने महानगराच्या मध्यभागी आले.

मंदिर नदीपात्रास लागूनच असल्याने पवना धरणातून मोठा विसर्ग झाल्यास पुराचे पाणी मंदिरात शिरते. पाणी ओसरल्यावर दगडी बांधकामात ओल उरते. अशा वास्तूंवर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग दिल्यास ती ओल आत कोंडते व दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून सांध्यांसाठी चुन्याचा वापर योग्य मानला जातो. शिलालेखाची अक्षरेही रंगाच्या थरांखाली बुजू शकतात. ती बुजल्यास मंदिराच्या बांधकामाची निश्चित तिथी सांगणारा मूळ पुरावाच नाहीसा होईल. मंदिराचे जतन केवळ वास्तूच्या दुरुस्तीने साधणारे नाही. घाट मोकळा राहणे, नदीचे पात्र अरुंद न होणे आणि तिचे पाणी स्वच्छ असणे यांवरही ते अवलंबून आहे.