मोटार कीं मालमोटार ?

कायदा करणाऱ्याची दृष्टि कितीहि तीक्ष्ण असली, तरी त्याच्या हातून एखादी व्याख्या सैल राहून जाते. आणि पुढें सारा व्यवहार त्या सैल गांठीभोंवतींच फिरूं लागतो. अमेरिकेंतील अवजड व विलासी मोटारींच्या पेट्रोलखर्चाचा इतिहास हा अशाच एका व्याख्येचा इतिहास आहे. "मोटार" कोणती व "मालमोटार" कोणती, एवढाच काय तो प्रश्न. पण एका संपन्न राष्ट्राची काटकसर त्याच्या उत्तरावर अवलंबून राहिली.

१९७३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल देणें बंद केलें. पिंपामागें सुमारें तीन डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभीं बारा डॉलरांच्या घरांत गेला. पेट्रोलपंपांपुढें मोटारींच्या रांगा लागल्या. स्वस्त पेट्रोल हा जणूं आपला जन्मसिद्ध हक्क आहे, अशा समजुतींत वाढलेल्या समाजाला हा धक्का मोठाच होता. त्या काळीं तेथील नवें वाहन लिटरमागें सरासरीनें जेमतेम साडेपांच किलोमीटर जात असे.

या धक्क्यांतूनच १९७५ च्या डिसेंबरमध्यें अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांच्या सहीनें ऊर्जेच्या काटकसरीचा कायदा झाला. प्रत्येक कारखानदारानें वर्षभरांत विकलेल्या सर्व मोटारींची सरासरी काढावयाची, व ती ठरलेल्या आंकड्याहून कमी भरल्यास त्याला दंड करावयाचा, अशी ही योजना होती. १९७८ च्या मोटारींसाठीं गॅलनमागें १८ मैल आणि १९८५ च्या मोटारींसाठीं साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरमागें पावणेबारा किलोमीटर, असे आंकडे कायद्यांतच घातले होते.

हलक्या मालमोटारींचा आंकडा मात्र वाहतूक खात्यावर सोंपविण्यांत आला, आणि तो मोटारींच्या मानानें बराच सौम्य ठरला. ही सवलत अन्यायाची म्हणतां येणार नाहीं. शेतकरी, सुतार, गवंडी यांचें तें पोटापाण्याचें साधन. शिवाय १९७५ सालीं नव्या वाहनांत त्यांचा वांटा सुमारें पंचमांशच होता. खरी मेख होती व्याख्येंत. आडवाटेनें जाण्यास योग्य असें, जमिनीपासून पुरेसें उंच, आणि चारहि चाकांना इंजिनाची शक्ति मिळणारें अथवा भरल्यावर सहा हजार पौंडांहून अधिक वजनाचें वाहन खात्याच्या नियमानें मालमोटारींत गणलें जाई. मग आंत चामड्याच्या गाद्या असोत, कीं शाळेंत जाणारीं मुलें असोत. १९७८ च्या करकायद्यानें अधाशी मोटारींवर जो जादा कर बसविला, तोहि या वर्गापर्यंत पोंचला नाहीं.

वाट दिसली म्हणजे वाटसरू येतातच. १९६० नंतरच्या दशकांत जीपच्या वॅगोनियरनें व १९७० सालीं इंग्लंडांत रेंज रोव्हरनें हौशी वाहनाचा हा नमुना घालून दिलाच होता. १९८६ सालीं तेलाचे भाव कोसळले, आणि काटकसरीची आठवणहि त्यांबरोबर ओसरली. १९९० सालीं फोर्डची एक्स्प्लोरर आली. १९९७ सालीं लिंकनची नॅव्हिगेटर, तर १९९८ सालीं कॅडिलॅकची एस्कलेड. सांगाडा मालमोटारीचा, इंजिन आठ सिलिंडरांचें, वजन अडीच टनांच्या आसपास आणि थाट दिवाणखान्याचा, असें हें वाहन होतें. १९९९ सालीं आलेली फोर्डची एक्सकर्शन तर साडेआठ हजार पौंडांचीहि मर्यादा ओलांडून गेली. त्या मर्यादेपलीकडे सरासरीचा नियमच नव्हता. लहान मोटारीच्या कांचेवर तिच्या खर्चाचा आंकडा लावणें सक्तीचें, आणि या अजस्र वाहनाला तो लावण्याचेंहि बंधन नाहीं, असा तो न्याय !

परिणाम आंकड्यांत उमटला. नव्या वाहनांची सरासरी १९८७ सालीं लिटरमागें सुमारें सवानऊ किलोमीटरांवर चढली होती. २००४ सालीं ती आठांच्या जवळ उतरली. मधल्या काळांत इंजिनें सुधारलीं नव्हतीं असें नाहीं. पण सुधारणेचा लाभ वजन व वेग यांनींच खाऊन टाकला. मालमोटारींचा वांटा तोंवर जवळजवळ निम्म्यावर आला होता.

या सवलतीची किंमत ध्यानांत येण्यास साधें अंकगणित पुरे आहे. दोन वाहनें प्रत्येकीं १०,००० किलोमीटर चाललीं असें समजावें. लिटरमागें १२ किलोमीटर जाणारी लहान मोटार सुधारून १५ पर्यंत नेली, तर ८३३ लिटरांचे ६६७ होऊन १६६ लिटर वांचतात. उलट, ५ किलोमीटर जाणारें अवजड वाहन केवळ ६ पर्यंत नेलें, तर २,००० लिटरांचे १,६६७ होऊन ३३३ लिटर, म्हणजे दुप्पट, वांचतात. जेथें थोड्या श्रमांत अधिक बचत होती, नेमकें तेंच दार कायद्यानें उघडें टाकलें होतें. तें बंद करणें यंत्रशास्त्राला अशक्य नव्हतें. साधी एस्कलेड शहरांत गॅलनमागें सुमारें १२ मैल जात असतां, २००८ सालीं निघालेली विजेच्या जोडीची एस्कलेड २० मैल जाऊं लागली.

त्याच वर्षीं पेट्रोल गॅलनमागें चार डॉलरांवर गेलें, आणि २००२ मध्यें मिरवत आलेल्या हमर एच-टूच्या घराण्याचा २०१० सालीं शेवट झाला. २००७ च्या नव्या कायद्यानें मोटारी व मालमोटारी यांची मिळून २०२० पर्यंत गॅलनमागें ३५ मैलांची सरासरी मागितली. २०११ च्या वाहनांपासून साडेआठ हजार पौंडांवरील उतारू वाहनेंहि नियमाखालीं आलीं. तथापि चाकांमधील क्षेत्र मोठें तर अट सौम्य, असा नवा माप आल्यानें थोरांची सवलत दुसऱ्या वेषांत उरलीच. पुढें २०२५ च्या जुलैंत झालेल्या कायद्यानें सरासरी मोडल्याचा दंड शून्यावर आणला. नियम राहिला, छडी गेली.

कायद्यानें वाहनाला मोटार म्हटलें काय, मालमोटार म्हटलें काय, टाकींतून उतरणारें पेट्रोल तेवढेंच उतरतें. शब्दांची पळवाट काढतां येते. हिशेबाला पळवाट नसते.