बेंजोची कुळकथा

मनमाड-औरंगाबाद लोहमार्ग होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहण्यास निघालेले प्रवासी नांदगावच्या स्थानकावर उतरत आणि तेथून बैलगाडी वा टांगा करून घाट ओलांडत. परमुलखाशी असा जुना परिचय असलेल्या या तालुक्याच्या गावी लग्नाच्या वरातीपुढे जे तारवाद्य कर्ण्यांतून गर्जत जाते, त्याचे कूळही तितकेच दूरदेशीचे आहे.

बेंजो हे ते वाद्य. अमेरिकेतील कातडे मढवलेल्या बँजोशी त्याचे काहीच नाते नाही. त्याचा मूळपुरुष म्हणजे जपानमधील नागोया शहरी गोरो मोरिता यांनी 1912 साली घडवलेले ताइशोगोतो. टंकयंत्रासारख्या कळा त्यांनी तारांवर बसवल्या. डाव्या हाताने कळ दाबताच तार पडद्यावर टेकावी, उजव्या हातातील नखीने ती छेडावी आणि सूर बिनचूक उमटावा, अशी ही योजना होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान हे वाद्य हिंदुस्थानात पोहोचले. कोठे त्यास बुलबुलतरंग म्हणू लागले, तर बलुचिस्तानात बेंजू. गुरुगृही वर्षानुवर्षे राहण्याची ज्यांची ऐपत नव्हती, किंवा ज्यांना तेथे प्रवेशच नव्हता, त्यांच्या हाती या कळांनी सुरांची सनद दिली, हे मला या वाद्याचे सर्वांत मोठे कार्य वाटते.

कळ सुरांना तोडते, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड सहज घेऊ देत नाही. ही उणीव वादकांनी नखीच्या द्रुत आघातांनी भरून काढली. एकच स्वर थरथरत इतका लांबवला की तो गळ्यातून आल्यासारखा वाटावा. मिरवणुकीतील ढोलताशापुढे मात्र हा नाजूक नाद टिकणारा नव्हता. तारा पोलादी असल्यामुळे येथे गिटारची विद्या उपयोगी पडली. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत विद्युत गिटार बाजारात आली, तिच्यात चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते आणि वर कंप पावणारी पोलादी तार त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करते. तोच 'पिकअप' बेंजोखाली बसला, आवाज ॲम्प्लिफायरमधून खरखरीत, तीक्ष्ण होऊन बाहेर पडू लागला, आणि ती खरखर दोष न मानता वादकांनी आपलीशी केली.

1954 च्या 'नागिन' चित्रपटातील पुंगीचे सूर कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन या विद्युत वाद्यावर वाजवले होते. गारुड्याचा नाद यंत्रातून काढलेली ती धून वरातीच्या बेंजोवर आली, तेव्हा जपानी कळा, अमेरिकी चुंबक आणि देशी ठेका एकाच गाडीवर बसले. मागाहून ऑक्टोपॅड हे विद्युत तालवाद्यही शेजारी आले. मुंबईत 1984 साली उभ्या राहिलेल्या 'रॉक मशीन' या रॉक बँडचा, म्हणजेच पुढील 'इंडस क्रीड'चा, इतिहास आदराने लिहिला जातो, आणि तो लिहिला जावाच. परंतु ध्वनिमुद्रण कंपनीच्या आश्रयावाचून, वर्गणीतून वाद्ये घेऊन, लग्नसराईच्या सुपारीवर निर्वाह करीत विजेच्या तारांशी इतके निर्भय प्रयोग करणाऱ्या बेंजो पार्ट्यांची नोंद संगीताच्या दफ्तरात जवळजवळ नाही, याची मला मनापासून खंत वाटते. रवी जाधव यांच्या 2016 च्या 'बँजो' या हिंदी चित्रपटाने या कलावंतांकडे लक्ष वेधले, एवढेच.

आता खानदेशाकडच्या, विशेषतः नंदुरबार-नवापूरच्या आदिवासी मुलखातील, गाडीवर थाटलेल्या बँडांत कीबोर्डने मुख्य जागा घेतली आहे. पण तेथेही रसिकांची मागणी अशी की त्यातून पुष्कळदा बेंजोचाच टोन वाजवावा लागतो.