कबड्डीपटूच्या हातावरची घट्ट बाही : व्रणबंधापासून गणवेशापर्यंत

१/ जोगेश्वरीत कबड्डीचे सामने भरले की एखादा तरी चढाईपटू मनगटापासून दंडापर्यंत घट्ट स्लीव्ह चढवून उतरलेला दिसतो. ही बाही खेळात आली कुठून आणि ती नेमके करते काय? #इतिहास #थ्रेड

२/ अंग आवळून बांधण्याची विद्या प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणबंधनाचे चौदा प्रकार आहेत. शिवाय बंध किती आवळावा, यावरून गाढ, सम आणि शिथिल असे तीन भेद केले आहेत. मांडीवर गाढ, हातापायांवर सम. सांध्यांवर मात्र शिथिल. दाब कुठे आणि किती, हा विचार तेव्हाच झाला होता.

३/ आधुनिक दाबमोज्यांचे श्रेय अमेरिकेतील अभियंता कॉनराड जॉब्स्ट यांना दिले जाते. पायांच्या शिरा फुगण्याच्या विकाराने ते त्रस्त होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की त्यांना आराम पडे, कारण पाण्याचा दाब तळाशी अधिक आणि वर कमी असतो. त्याच तत्त्वावर त्यांनी १९५० च्या सुमारास घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे तयार केले.

४/ रुग्णालयातील ही वस्तू मैदानात गाजली ती बास्केटबॉलमुळे. २०००-०१ च्या हंगामात फिलाडेल्फियाच्या ॲलन आयव्हरसनच्या उजव्या कोपराला सूज होती. त्यासाठी त्याने हातावर दाबपट्टीची बाही चढवली. २१ जानेवारी २००१ रोजी टोरांटोविरुद्ध त्याने ५१ गुण नोंदवले. पुढेही त्याने ती सोडली नाही आणि चाहत्यांनी उपचाराची वस्तू शैली म्हणून उचलली.

५/ २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत, वरळीला, प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात घरोघरी पोहोचला. मॅटवर घसरताना कोपर सोलवटते; तेथे बाहीचा उपयोग खराच आहे.

६/ मग बाहीने ताकद वाढते का? आजवरच्या संशोधनात तसा ठोस पुरावा नाही. श्रमानंतरचे स्नायूंचे दुखणे काहीसे कमी होऊ शकते, स्नायू उबदार राहतात, त्वचेचे रक्षण होते. २०१७ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी धावपटूंच्या घट्ट विजारी तपासल्या. स्नायूंची थरथर कमी झाली, थकवा मात्र तेवढाच राहिला.

७/ हे सांगण्याचे कारण असे. गल्लीतल्या स्पर्धेत दुखरा कोपर बाहीखाली झाकून खेळणारी मुले असतात. बाहेरून तो हात सज्ज दिसतो, म्हणून कोणी विचारतही नाही. निवड हुकेल या भीतीने मुलगाही बोलत नाही.

८/ खरचटू नये म्हणून बाही जरूर घालावी. पण ती काढल्यावर कोपर सुजलेला दिसला, बोटांना मुंग्या आल्या किंवा हात सरळ होईना, तर पुढची चढाई दुसऱ्याला द्यावी आणि डॉक्टरांना हात दाखवावा.