गिओनचा रथ कोणाचा?

जपानातील क्योतो शहरी दर जुलैत होणारा गिओन उत्सव पाहण्याचा योग आम्हांस २०२३ साली आला. मोठी मिरवणूक १७ तारखेस असते. आम्ही मात्र १० तारखेसच शिजो रस्त्यावर हजर झालो, कारण त्या दिवशी रथांची जुळणी सुरू होते, आणि झालेल्या कामापेक्षा होणारे काम पाहण्याची आमची जुनी खोड आहे.

रथाची लाकडी चौकट उभारताना सांध्यांत खिळा म्हणून ठोकीत नाहीत. भाताच्या पेंढ्याच्या दोराचे वेढ्यावर वेढे घालून सांधा आवळतात. खिळ्याने लाकूड फाटेल. दोर मात्र हिसका बसला की किंचित ढळतो आणि पुन्हा धरून ठेवतो. मोठ्या रथाचे वजन सुमारे १२ टन, शेंड्यापर्यंतची उंची सुमारे २५ मीटर! सुतार निराळे, दोर बांधणारे निराळे, चाके सांभाळणारे निराळे.

या उत्सवाचा उगम रोगराईत आहे. राजकारणात अन्यायाने बळी गेलेल्यांचे आत्मे साथी पसरवितात, अशी त्या काळी समजूत होती. ८६३ साली त्यांच्या शांतीसाठी शिनसेन-एन या राजोद्यानात विधी झाला, आणि त्या दिवशी उद्यानाची दारे सामान्य जनांस उघडण्यात आली. पुढे ८६९ मध्ये देशाच्या ६६ प्रांतांच्या नावे ६६ भाले उभारून गिओनचा विधी झाला, असे परंपरा सांगते. त्या भाल्यांचेच पुढे रथ झाले.

१४६७ च्या ओनिन युद्धात शहर जळाले आणि उत्सव थांबला. तो १५०० साली पुन्हा सुरू केला तो व्यापारी-कारागिरांच्या आळ्यांनी. कोणाचा रथ पुढे, यावरून तंटे होत, म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरविण्याची रीत पडली. ती आजही दर २ जुलैस पाळली जाते. काही रथांचे स्थान मात्र ठरलेलेच असते. १५३३ साली शोगुनच्या दरबाराने देवळाचे विधी बंद ठेवण्याचा हुकूम दिला. तेव्हा आळ्यांचे प्रतिनिधी देवळात गेले आणि म्हणाले, विधी नसले तर नसोत, आम्हांस आमचे रथ ओढू द्या. आम्ही आयुष्यात पुष्कळ शिष्टमंडळे पाहिली आणि काही नेलीही. इतकी नेमकी मागणी क्वचितच ऐकली.

मिरवणुकीच्या दिवशी आम्ही कावारामाचीच्या चौकात उभे होतो. रथाची चाके वळत नाहीत. म्हणून चाकांखाली चिरलेल्या बांबूच्या कांबी अंथरतात, त्यांवर पाणी ओततात आणि बाजूने दोर ओढून सबंध रथ घसरवितात. पंखेवाल्यांनी इशारा केला, चाळीस-पन्नास माणसांनी एकदम ओढ दिली, आणि तो डोलारा करकरत फिरला. रथांवर सोळाव्या शतकातील बेल्जियमचे चित्रपट झळकतात. काही जुने गालिचे तर आमच्या दख्खनेत विणले गेले असावेत, असे जाणकार मानतात. डच कंपनीच्या जहाजांनी असा माल तिकडे नेला. विणणाऱ्यांची नावे अर्थातच कोठे नाहीत.

दोन गोष्टी खटकल्या. अग्रभागी चालणाऱ्या नागिनाता रथावर स्त्रियांस चढू देत नाहीत. इतर काही रथांनी २००१ नंतर ही बंदी सैल केली आहे. दुसरी गोष्ट अशी की, त्या वर्षी प्रेक्षकांसाठी एका आसनास ४ लाख येनपर्यंत दर होता. इकडे शहराच्या मध्यातील आळ्यांत घरांच्या जागी कचेऱ्या आल्या आहेत. तेथे राहणारी कुटुंबे घटली, म्हणून दोर ओढावयास स्वयंसेवक आणि विद्यार्थी बाहेरून आणावे लागतात. त्या दिवशी घामाने निथळणाऱ्या पोरांकडे पाहताना आमची मान आसनांकडे वळेना.

तरीही आळ्यांची जिद्द मोठी. १८२६ च्या मुसळधार पावसात खराब झालेला ताका-यामा १९६ वर्षांनी, २०२२ मध्ये, पुन्हा मिरवणुकीत चालला.

मिरवणूक संपताच रथ आळीत परततात आणि त्याच दिवशी मोडावयास घेतात. त्यांच्याकडे ओढली गेलेली रोगराई रेंगाळू नये म्हणून. दुपारी आम्ही पुन्हा शिजोस गेलो. सकाळी ज्याकडे माना उंचावून पाहिले त्याच्या फळ्या उतरत होत्या, आणि एक म्हातारा रस्त्यात बसून कापलेल्या दोरांचे तुकडे गोळा करीत होता.