विद्युतभारित द्रवपृष्ठ : धातूंचे आयन आणि पाणी

द्रवाच्या पृष्ठावर विद्युतभार आला की त्याखालच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यात आयन आणि पाण्याचे रेणू यांची मांडणी बदलते. अभ्यासाला सर्वांत सोयीचे पृष्ठ म्हणजे पाण्यावर पसरलेला स्टिअरिक अम्लाचा एकरेणवीय थर. त्यातले रेणू दाटीने उभे राहतात. प्रत्येकाला जेमतेम ०.२ चौ. नॅनोमीटर जागा मिळते. शेपट्या हवेत आणि कार्बॉक्सिल गट पाण्यात. सामू वाढला की हे गट प्रोटॉन सोडून कार्बॉक्सिलेट बनतात, पृष्ठ ऋणभारित होते आणि धातूंचे धन आयन तिकडे ओढले जातात.

गुई (१९१०) आणि चॅपमन (१९१३) यांनी आयनांना भारित बिंदू मानून गणित मांडले. त्यानुसार मिठाच्या ०.००१ मोलर द्रावणात पृष्ठभाराचा पल्ला सुमारे १० नॅनोमीटर असतो, ०.१ मोलर द्रावणात सुमारे १. विरल द्रावणांत हे चांगले जुळते. मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन्ही आयनांचा भार +२ असल्याने या गणिताला ते सारखेच दिसतात. पृष्ठाला ते सारखे नसतात, आणि या विषयाचे मर्म इथेच आहे.

मॅग्नेशियमचा आयन लहान आहे. भोवतीचे पाण्याचे सहा रेणू तो घट्ट धरून ठेवतो. कॅल्शियमभोवतीचे रेणू त्याच्या कितीतरी पट वेगाने बदलत राहतात. त्यामुळे कॅल्शियम पाण्याचे वेष्टन सहज ढिले करून कार्बॉक्सिलेटला थेट भिडतो, तर मॅग्नेशियम बहुधा मध्ये पाणी ठेवूनच थांबतो. बोअरच्या पाण्यात साबण फेसाळत नाही, बादलीच्या कडेला पांढरा साका धरतो, तो साबणातल्या याच कार्बॉक्सिलेटशी मुख्यतः कॅल्शियमची गाठ पडल्यामुळे. शिसे आणि कॅडमियम यांचे आयन तर थराखाली क्रमबद्ध जाळी रचतात. क्ष-किरण विवर्तनात ती स्पष्ट दिसते.

पाणीही स्वस्थ नसते. ऋण पृष्ठाकडे त्याचे रेणू हायड्रोजनची बाजू वळवतात, धन पृष्ठाकडे ऑक्सिजनची. दोन लेसर किरणांच्या वारंवारतांची बेरीज करणाऱ्या वर्णपटतंत्राने हे टिपता येते, कारण खालच्या अस्ताव्यस्त पाण्याकडून तसा संकेत जवळजवळ येतच नाही. मीठ वाढवले की पृष्ठाचा भार झाकला जातो आणि ही शिस्त मोडू लागते.

धातूच्या आयनांनी बांधलेले असे थर कॅथरीन ब्लॉजेट यांनी काचेवर एकावर एक चढवले. त्यांच्या ४४ रेणूंइतक्या जाड लेपाने १९३८ मध्ये काचेचे परावर्तन जवळजवळ नाहीसे केले. मात्र तो लेप इतका नाजूक होता की पुसला तरी निघून जाई.