राणीचं बाळ आणि निखाऱ्याचं भांडं

आजची गोष्ट इंग्लंडच्या राजघराण्याची आहे, पण तिचं एक टोक आपल्या मुंबईला बांधलेलं आहे. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरिनचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई देण्याचा करार झाला. पुढे 1668 मध्ये राजाने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

एवढा हुंडा आणला तरी कॅथरिनला मूल झालं नाही. दुसरी करा म्हणणारे दरबारात पुष्कळ होते. चार्ल्सची बाहेर मुलं होती, पण त्याने कॅथरिनला सोडलं नाही. 1685 मध्ये तो वारला आणि भाऊ जेम्स गादीवर बसला. चार्ल्सचा अनौरस मुलगा मन्मथ 'माझ्या आईचं राजाशी लग्न झालं होतं' म्हणत लढायला उठला. त्याच वर्षी त्याचं डोकं उडवलं.

जेम्स कॅथलिक होता आणि प्रजा बहुतेक प्रॉटेस्टंट. लोकांनी धीर धरला, कारण पहिल्या बायकोच्या त्याच्या दोन्ही मुली, मेरी आणि अ‍ॅन, प्रॉटेस्टंट होत्या. दुसरी बायको, मोडेनाची मेरी, लग्नाच्या वेळी 15 वर्षांची. तिची आधीची बाळं एकामागून एक गेली होती. 10 जून 1688 रोजी तिला मुलगा झाला. म्हणजे आता गादी कॅथलिकांकडेच राहणार.

लगेच अफवा उठली की राणी गरोदर नव्हतीच. तेव्हा अंथरूण गरम करायला लांब दांड्याचं, निखारे ठेवायचं भांडं असे. त्यातून दुसऱ्याचं बाळ आत आणलं म्हणे! खोलीत दरबारी, बायका, सुईण, कितीतरी माणसं हजर होती. तरी सावत्र मुलगी अ‍ॅन, जी त्या दिवशी बाथ गावी होती, तिने बहिणीला पत्रांतून शंका कळवली. कुजबुज करणारी घरचीच असली की बाहेरच्यांना किती सोपं जातं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबरात राजाने 40हून जास्त साक्षीदार बोलावले. राणीचे कपडे, तिचं दूध, सगळं भर दरबारात बोललं गेलं आणि छापलंही गेलं. बाळंतिणीची एवढी विटंबना होऊनही ज्यांना विश्वास ठेवायचा नव्हता त्यांनी ठेवला नाही. नोव्हेंबरात मेरीचा नवरा विल्यम फौज घेऊन उतरला. डिसेंबरच्या एका रात्री राणी धोबिणीच्या वेषात सहा महिन्यांचं लेकरू घेऊन फ्रान्सला निसटली.

पुढे अ‍ॅन स्वतः राणी झाली. ती 17 वेळा गरोदर राहिली. एकच मुलगा जरा मोठा झाला, तोही 11व्या वर्षी 1700 मध्ये गेला. मग पार्लमेंटने 1701 मध्ये कायदा करून पन्नासहून अधिक कॅथलिक वारस ओलांडले आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या वृद्ध सोफियाचं नाव लावलं. सोफिया 1714 मध्ये अ‍ॅनच्या दोन महिने आधी गेली, म्हणून गादी तिच्या मुलाला, जॉर्जला मिळाली. आजचं राजघराणं त्याच वंशाचं आहे.

तो भांड्यातला म्हणवला गेलेला मुलगा 1766 मध्ये रोममध्ये वारला. विरोधकांनी त्याला जन्मभर नुसता 'दावेदार' म्हटलं. इंग्लंडात मात्र राजघराण्यातल्या बाळंतपणाला सरकारचा मंत्री हजर राहायची रीत पुढेही चालू राहिली. ती 1948 साली, आजच्या राजा चार्ल्सच्या जन्माच्या वेळी बंद झाली.