बिस्किटाचा देश कोणता?

परदेशातून सुट्टीवर आलेल्या आप्तांच्या सामानातून निघणारा खाऊ ही आमच्या मध्यमवर्गीय घरांतली एक ठरलेली घटना आहे. अमेरिकेहून आलेली जाड, मऊसर, चॉकलेटच्या तुकड्यांनी भरलेली कुकी पहिल्या घासाला नवलाईची वाटते, दुसऱ्या घासाला गोडमिट्ट लागते आणि उरलेला पुडा डब्यात तसाच पडून राहतो. गंमत अशी, की परत जाताना हेच आप्त बाकरवडीच्या शेजारी ग्लुकोज बिस्किटांचे चार पुडे बॅगेत कोंबतात. तिकडची कुकी चहात बुडवून चालत नाही, अशी त्यांची तक्रार असते. यावर 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. पुड्यात बंद होऊन विकल्या जाणाऱ्या खाऊची आवड कोणत्याही देशाने जन्मतः आणलेली नसते. ती घडवली जाते, आणि आपल्या देशात ती कशी घडली हा इतिहास फारसा गोड नाही.

'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थ 'दोनदा भाजलेले'. ओलावा पार निघून गेला म्हणजे पदार्थ टिकतो, आणि म्हणून तो लांबच्या प्रवासाला, विशेषतः जहाजावर, उपयोगी पडतो. खलाशांच्या या दगडासारख्या शिधेचे नाजूक खाऊत रूपांतर इंग्लंडात झाले. १८२२ साली रेडिंग या गावी जोसेफ हंटली नावाच्या क्वेकर गृहस्थाने दुकान थाटले. दुकानासमोरच्या सराईपाशी प्रवासी घोडागाड्या थांबत. त्या उतारूंना तो बिस्किटे विकी, आणि ती वाटेत फुटू नयेत म्हणून पुढे पत्र्याचे डबे निघाले. १८४१ साली जॉर्ज पामर भागीदार झाला, त्याने यंत्रे आणली, आणि शतक संपता संपता 'हंटली अँड पामर्स' हा जगातला सर्वांत मोठा बिस्किट कारखाना झाला होता. जेथे इंग्रजांचे राज्य वा व्यापार पोहोचला, तेथे हा डबाही पोहोचला.

इंग्रजी बिस्किट बेताच्या गोडीचे का, याचे उत्तर चहाच्या कपात आहे. दुपारच्या चहाबरोबर खायचे, त्यात बुडवायचे, तर ते साधे, कोरडे आणि चहाची चव न मारणारे हवे. १८९२ सालचे मॅकव्हिटीचे 'डायजेस्टिव्ह' याच कुळातले. अमेरिकेत मात्र 'बिस्किट' म्हणजे जेवणाबरोबर खायचा मऊ पाव. तिकडची 'कुकी' डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून आली. तिचा जोडीदार चहा नव्हे, तर थंड दुधाचा पेला. १९१२ साली न्यूयॉर्कच्या नॅशनल बिस्किट कंपनीने ओरिओ बाजारात आणले, तेव्हा त्याची गोडीही अशाच पेल्याला साजेशी होती.

हेच ओरिओ १९९६ साली चीनमध्ये गेले आणि तेथे अनेक वर्षे रखडले. कंपनीने चौकशी केली तेव्हा कळले, की तिथल्या गिऱ्हाइकांना ते फार गोड वाटते आणि पुडाही महाग पडतो. मग साखर कमी केली, पुडा लहान केला, २००६ साली त्याला वेफरचे रूप दिले. पण त्याच जोडीला बिस्किट दुधात कसे बुडवावे, याचे धडेही जाहिरातींतून दिले. म्हणजे बिस्किटाने चिनी जिभेशी जुळवून घेतले आणि चिनी जिभेलाही थोडे वळण लावले. जपानची कथा याहून मजेची आहे. यॉर्कच्या राउंट्रीचा १९३५ सालचा चॉकलेट-वेफर दोन वर्षांनी 'किटकॅट' झाला आणि १९७३ साली जपानात पोहोचला. तेथे त्याचे नाव 'नक्की जिंकशील' अशा अर्थाच्या जपानी शब्दांसारखे ऐकू येते, म्हणून परीक्षेला निघालेल्या मुलांच्या हातात तो शुभशकुन म्हणून पडू लागला. हिरव्या चहाच्या चवीचे किटकॅट ही आज जपानी वस्तू मानली जाते, तिचे मूळ कोणी यॉर्कला शोधत नाही.

इंग्लंडात चहाने, अमेरिकेत दुधाने आणि जपानात एका शब्दाच्या नादाने जे केले, ते हिंदुस्थानात कोणी केले? येथे प्रश्न चवीचा नव्हताच. प्रश्न असा होता, की हे बनवले कोणाच्या हातांनी?

१८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. आज आम्ही पावभाजीवर ताव मारतो तेव्हा ही गोष्ट कल्पनेतही येत नाही, पण त्या काळी तो घास म्हणजे जातीबाहेर टाकलेले पाऊल होते. सभेचे काम गुप्तपणे चाले. ती फुटली आणि मोडली, यावरूनच त्या घासाची किंमत कळावी. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती धरला. नावे छापून आली आणि 'चहा-ग्रामण्य' पेटले. प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि आपल्याच सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला.

योगायोग असा, की त्याच १८९२ साली कलकत्त्यात २९५ रुपयांच्या भांडवलावर एक लहानसा बिस्किटांचा धंदा सुरू झाला, तोच पुढे 'ब्रिटानिया' म्हणून वाढला. आणि १८९८ साली दिल्लीत लाला राधामोहन यांनी 'हिंदू बिस्किट कंपनी' काढली. नावातच आश्वासन होते. पदार्थ साहेबाचा, पण भट्टीवरचे हात सवर्ण हिंदूंचे. गिऱ्हाइकाला खाण्याचे धैर्य यावे, म्हणून बिस्किटालाही जात द्यावी लागली.

१९२९ साली विलेपार्ल्यात चौहान कुटुंबाने गोळ्यांचा कारखाना काढला आणि दहाएक वर्षांत तेथे बिस्किटेही होऊ लागली. विलायती डब्यातले बिस्किट श्रीमंतांचे होते. पार्ले ग्लुको कागदी पुड्यातले, स्वस्त आणि देशी. नावातल्या 'ग्लुको'ने त्याला पौष्टिकतेचे वलय दिले. लहान मुलाच्या दुधात, आजाऱ्याच्या उशाशी आणि मजुराच्या चहाच्या ग्लासात ते सारख्याच सहजतेने पोहोचले. आपल्याकडचा चहा दूध-साखर घालून उकळलेला, म्हणून बुडवताच विरघळणारे बिस्किट त्याला मानवले. २०११ साली तेच पार्ले-जी जगात सर्वाधिक खपणारे बिस्किट म्हणून गाजले. त्याच वर्षी ओरिओ भारतात आले आणि मुकाट्याने पाच रुपयांच्या लहान पुड्यात शिरले. आपल्याकडे चवीइतकीच नाण्याचीही भाषा बोलावी लागते, हे कंपनीला एव्हाना उमगले असावे.

या यशाचे श्रेय स्वस्ताईला आणि चहाला द्यावे, हे खरेच. पण आम्हांस त्यामागे आणखी एक कारण दिसते. बंद पुड्याला हात नसतो. यंत्रातून निघालेले, कागदात गुंडाळलेले बिस्किट कोणी मळले, कोणी भाजले, हे विचारण्याची सोयच उरत नाही. ज्या घरात परक्या हातचे पाणी चालत नसे, त्या घरात हा पुडा निमूटपणे आत आला. आगगाडीच्या फलाटावर शेजारच्या उतारूने पुढे केलेले बिस्किट घेताना कोणाला आडनाव विचारावेसे वाटेना. परमहंस सभेला जे शपथ घालून साधले नाही, ते यंत्राने न बोलता साधले.

येथे आनंद मानून थांबावे, असा मोह होतो. पण यंत्राने विटाळाचा प्रश्न सोडवला नाही, तो फक्त दृष्टीआड केला. पुडा चालतो, पण घरकाम करणाऱ्या बाईंना त्याच पुड्यातले बिस्किट द्यायचे, तर चहाचा कप मात्र वेगळा ठेवलेला, असे चित्र आमच्या ओळखीच्या घरांतून आम्ही पाहिले आहे. बशी पुढे येते आणि कप मागे राहतो. बिस्किटाने जेवढे अंतर कापले तेवढेच ते कापू शकत होते. उरलेले माणसांनाच चालायचे आहे.

जाता जाता पुण्याच्या श्रूजबरीची आठवण करायला हवी. इंग्लंडातल्या श्रूजबरी गावच्या या बिस्किटाचा उल्लेख १७०० सालच्या विल्यम कॉन्ग्रीव्हच्या नाटकात येतो, पण आज त्याचा खरा दरबार भरतो तो पुण्याच्या कॅम्पात. १९५५ साली इराण्यांनी सुरू केलेल्या कयानी बेकरीपुढे त्यासाठी रांगा लागतात आणि पुणेकर ते 'पुण्याची खासियत' म्हणून गावोगाव भेट नेतात. इंग्रजी नाव, इराणी हात, मराठी अभिमान. त्या रांगेत उभे असताना आत भट्टीवर कोण आहे, हे कोणीही विचारत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरात एका बिस्किटापायी प्रायश्चित्ते घ्यावी लागली होती. देशाची चव बदलते ती अशी. आपल्या चवीला सनातन म्हणण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.